यू यांग्जच्या ग्रॅनाइट टेकड्यांवर मुलांसह छोट्या पायवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नहून जिलाँगकडे जाताना महामार्गाच्या उजव्या हाताला, सपाट माळरानातून अचानक वर आलेली एक निळसर डोंगररांग दिसते. पश्चिम उपनगरांत, म्हणजे टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी या भागांत, स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना ती रोज दिसते. पण तेथे मुलांना घेऊन नेमके कोठे आणि कसे चालावे, हे ठाऊक नसल्यामुळे जाणे राहून जाते. त्या संदर्भात सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्या उत्तरात लागत असेल, तेथे प्रश्नाचा क्रमांक नोंदवला आहे.

1. यू यांग्ज म्हणजे नेमके काय आणि ते किती दूर आहे?

यू यांग्ज हे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातले एक प्रादेशिक उद्यान असून त्याची व्यवस्था पार्क्स व्हिक्टोरिया ही सरकारी संस्था पाहते. मेलबर्न शहराच्या मध्यापासून ते नैर्ऋत्येला सुमारे 55 किलोमीटरवर आणि जिलाँगच्या उत्तरेला सुमारे 22 किलोमीटरवर आहे. सुमारे दोन हजार हेक्टर क्षेत्रावर निलगिरीच्या जातींचे विरळ रान, ग्रॅनाइटच्या प्रचंड गोलाकार शिळा आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पायवाटा, असे त्याचे स्वरूप आहे. सर्वांत उंच शिखर फ्लिंडर्स पीक हे समुद्रसपाटीपासून फक्त 319 मीटर उंच आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु भोवतालचे माळरान इतके सपाट आहे की माथ्यावरून एका बाजूला पोर्ट फिलिप उपसागर, दुसऱ्या बाजूला जिलाँग आणि स्वच्छ हवेत मेलबर्नच्या उंच इमारतीही दिसतात.

हा प्रदेश वाडावुरुंग या मूळ रहिवासी लोकांचा आहे. टेकड्यांचे नावही त्यांच्याच भाषेतून आले असून, माळाच्या मधोमध असलेला मोठा डोंगर असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

2. मुले तीन ते सहा वर्षांची आहेत. पहिल्यांदा कोणत्या वाटेने जावे?

बिग रॉक. या वयाच्या मुलांसाठी माझे उत्तर नेहमी हेच असते. बिग रॉकच्या वाहनतळापासून ती शिळा काही मिनिटांच्या चालण्यावर आहे, जवळ सहलीसाठी बसण्याची सोय आहे आणि शिळेची एक बाजू इतक्या मंद उताराची आहे की मोठ्या माणसाचा हात धरून लहान मूलही वर येऊ शकते. वर पोहोचल्यावर मुलांना आपण डोंगर चढल्याचा पूर्ण आनंद मिळतो आणि खाली गाडी हाकेच्या अंतरावर असते.

पालक बहुधा अंतर पाहून वाट निवडतात, आणि ग्रॅनाइटच्या प्रदेशात नेमका तेथेच अंदाज चुकतो. सपाट बागेत एक किलोमीटर पंधरा-वीस मिनिटांत संपतो. येथे मात्र प्रत्येक धोंडा मुलाला थांबवतो. त्याला त्यावर चढायचे असते, दोन शिळांमधल्या फटीत डोकावायचे असते, खळग्यातले पाणी पाहायचे असते. पाच वर्षांखालील मुलांसाठी दर किलोमीटरला किमान अर्धा तास धरावा आणि त्यातला बराचसा वेळ थांबण्यात जाईल हे आधीच मान्य करावे. अशा सहलीत दीड किलोमीटर चालणे झाले, तरी ती पुरेशी आणि भरगच्च सहल असते. धोंड्यांवर चढण्याविषयीचे नियम प्रश्न 9 मध्ये दिले आहेत, ते निघण्यापूर्वी वाचावेत.

3. फ्लिंडर्स पीक कितपत कठीण आहे? सात-आठ वर्षांचे मूल जाईल का?

नियमित चालणारे सात-आठ वर्षांचे मूल सहज जाते. ही वाट टर्नटेबल नावाच्या वाहनतळापासून सुरू होते. तेथपर्यंत गाडी जात असल्यामुळे चढाचा काही भाग आपोआप वाचतो. जाऊन येऊन अंतर 3.2 किलोमीटर असून वाटेत सुमारे 450 पायऱ्या आहेत. प्रौढ व्यक्तीला एक तास पुरतो. मुलांसह दोन तास हाताशी ठेवावेत.

वाट रुंद आणि स्पष्ट आहे, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. चढ मात्र सलग जाणवतो, कारण पायऱ्या टप्प्याटप्प्याने येत राहतात आणि उन्हात सावली अपुरी पडते. मुलांना पायऱ्या मोजायला सांगितले की पहिली शंभर-दीडशे पावले उत्साहात जातात. त्यानंतर जागोजागी थांबून खाली दिसणाऱ्या माळाकडे लक्ष वेधावे. दगडांतून साकारलेला मोठा पक्षी याच वाटेवरून दिसतो (प्रश्न 13). माथ्यावर कठड्याच्या आत राहावे, हे मुलांना वर पोहोचण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

4. बाबागाडी नेता येते का?

फ्लिंडर्स पीकवर नेता येत नाही, पायऱ्यांमुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. बिग रॉकच्या सहलीच्या जागेपर्यंत मोठ्या चाकांची बाबागाडी ढकलत नेता येते, परंतु शिळेवर ती नेऊ नये. खडक उतरता आहे आणि चाकांचा ब्रेक विसरणे फार सोपे असते. तान्ह्या बाळासाठी पाठीवर किंवा छातीवर बांधायची झोळी अधिक उपयोगी पडते. पाठीवरच्या झोळीत बसलेले बाळ आपल्या डोक्यापेक्षा उंच असते, त्यामुळे झुकलेल्या फांद्यांखालून जाताना आपण वाकलो, तरी ते वाचेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

बाबागाडीनेच फिरायचे असेल, तर जवळचे सेरेंडिप अभयारण्य निवडावे. त्याची माहिती पुढच्या उत्तरात आहे.

5. आई-बाबा भारतातून आले आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण नातवंडांबरोबर यायचे आहे. काय करावे?

दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे बिग रॉकला जाऊन आजी-आजोबांनी खाली झाडांमध्ये बसावे आणि मुलांनी शिळेवर जाऊन यावे. उद्यानातून फिरणारा ग्रेट सर्कल ड्राइव्ह हा कच्चा रस्ता गाडीतूनच टेकड्या दाखवतो, त्यामुळे न चालताही त्यांना पुष्कळ काही पाहता येते.

दुसरा पर्याय म्हणजे लारा गावाजवळचे सेरेंडिप अभयारण्य. तेथील वाटा सपाट आहेत आणि पाणथळ जागांभोवती पक्षी भरपूर असतात. ब्रोल्गा नावाचा करकोचा तेथे पाहायला मिळतो, तो आपल्या सारस पक्ष्याचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. ऑस्ट्रेलियन बस्टर्ड या पक्ष्यासाठीही सेरेंडिप ओळखले जाते; हा पक्षी आणि सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे आपल्याला परिचित असलेला माळढोक एकाच प्रजातीगटातले आहेत. माळढोक आज भारतात जवळजवळ नामशेष होण्याच्या काठावर असताना त्याच्या भाऊबंदाकडे नातवंडांनी आजोबांसह पाहावे, याला माझ्या दृष्टीने डोंगराच्या माथ्याइतकेच मोल आहे.

सकाळी यू यांग्ज आणि दुपारी सेरेंडिप, असा एकाच दिवसाचा कार्यक्रम सहज बसतो. मात्र दोन्ही ठिकाणच्या बंद होण्याच्या वेळा वेगळ्या असतात, त्या त्याच दिवशी पाहून घ्याव्यात.

6. प्रवेशशुल्क किती? आणि गाडी नसेल तर कसे जायचे?

प्रवेशशुल्क नाही आणि वाहनतळही विनामूल्य आहे.

गाडीशिवाय जाणे मुलांसह व्यवहार्य नाही. जिलाँगच्या रेल्वेमार्गावरील लारा आणि लिटल रिव्हर ही स्थानके जवळची म्हणता येतील, परंतु तेथून उद्यानापर्यंतचे अंतर मुलांना चालवण्याजोगे नाही, आणि उद्यानात शिरल्यावरही वाटांच्या आरंभापर्यंत पुष्कळ रस्ता उरतो. शेजारच्या कुटुंबाबरोबर जाणे हाच चांगला मार्ग आहे.

7. कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिल-मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने सर्वोत्तम. ऑटवे पर्वतरांगेच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे हा भाग मेलबर्नच्या पूर्वेकडील उपनगरांपेक्षा कोरडा आहे. म्हणूनच जून-जुलैतसुद्धा चालण्याजोगे दिवस बरेच मिळतात, फक्त माळावरून येणारा वारा अंगाला झोंबतो, तेव्हा कानटोपी आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट घ्यावे. हिवाळा सरता सरता वॅटलची, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या येथील झाडांची, पिवळी फुले येतात आणि वसंतात जमिनीलगत रानटी ऑर्किड शोधता येतात. त्याच काळात मॅगपाय पक्षी घरट्याच्या रक्षणासाठी माणसांच्या डोक्यावर झेप घेतात. मुलांच्या डोक्यावर टोपी असावी आणि अशा जागेतून पळत न सुटता शांतपणे पुढे निघून जावे.

डिसेंबर ते फेब्रुवारीविषयी पुढचा प्रश्न वाचावा.

8. शाळेच्या सुट्ट्या उन्हाळ्यातच असतात. जानेवारीत गेले तर चालेल का?

थंड दिवशी, भल्या सकाळी, आगीच्या धोक्याची पातळी पाहून गेले तर चालेल. पण या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला उन्हाची सवय असते आणि वणव्याची नसते.

8 जानेवारी 1969 रोजी लाराजवळ गवताला लागलेली आग वाऱ्याने इतकी झपाट्याने पसरली की महामार्गावर अडकलेल्या 17 जणांचा मृत्यू झाला. 1985 मध्ये यू यांग्जच्या रानातूनही मोठा वणवा गेला. कोरडे गवत, उत्तरेकडून येणारा तप्त वारा आणि उतार हे तिन्ही एकत्र आले की आग माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने चढते. अशा वेळी खांद्यावर मूल घेऊन 450 पायऱ्या उतरण्याची कल्पनाच करू नये.

म्हणून निघण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. व्हिक इमर्जन्सी हे राज्य सरकारचे ॲप त्या दिवसाची धोक्याची पातळी दाखवते. मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक अशा त्या चार पातळ्या आहेत. कॅटास्ट्रॉफिक पातळीच्या दिवशी उद्याने बंद ठेवली जातात. एक्स्ट्रीम पातळीच्या दिवशी उद्यान उघडे असले, तरी मुलांसह जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण अग्निबंदी जाहीर झाली आहे का. त्या दिवशी उद्यानात कोणत्याही प्रकारे आग पेटवता येत नाही, स्वतःची गॅसची शेगडीसुद्धा चालत नाही.

आगीचा धोका कमी असला, तरी ग्रॅनाइटची शिळा दुपारी तापते आणि तिची धग खालून लागते. लहान मुलांची उंची कमी असल्यामुळे त्यांना ती आपल्यापेक्षा जास्त जाणवते. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत चढ उतरून झालेला असावा.

9. मुलांना धोंड्यांवर चढू द्यावे का?

द्यावे. त्यासाठीच तर येथे यायचे. खडबडीत खडकावर तळवा टेकून, कोणता पाय कोठे ठेवायचा याचा विचार करत वर जाण्यात मुलांचे शरीर आणि बुद्धी एकाच वेळी कामाला लागतात, आणि सतत नको-नको म्हणणाऱ्या पालकांमुळे ती संधी वाया जाते. पण चढू देणे आणि मोकळे सोडणे यांत फरक आहे.

चढण्यापेक्षा उतरणे कठीण असते. चढताना डोळ्यांसमोर खडक असतो, उतरताना पाय न दिसणाऱ्या जागी टाकावा लागतो. म्हणून मूल ज्या धोंड्यावर स्वतः, आपण न उचलता, चढू शकते, त्याच धोंड्यावर त्याला चढू द्यावे. आपण उचलून वर ठेवलेले मूल स्वतःहून उतरू शकत नाही, आणि बहुतेक रडारड तेथूनच सुरू होते. उतरताना खडकाकडे तोंड करून, शिडीवरून उतरतो तसे उतरायला शिकवावे. उतार मंद असेल तर खाली बसून सरकत येणे उत्तम.

पालकाने मुलाच्या वर उभे राहू नये, खाली आणि जरा बाजूला उभे राहावे. बिग रॉकवर विशेष काळजी घ्यावी, कारण त्याची एक बाजू मंद उताराची असली, तरी दुसरीकडे तो खडक तीव्रपणे खाली जातो आणि उतार कोठे वाढू लागला हे वरून पटकन लक्षात येत नाही. वर पोहोचताच मुलांना एक ठळक खूण दाखवून तिच्यापलीकडे जायचे नाही, असे ठरवून द्यावे. दोरखंड लावून चढणारे गिर्यारोहक दिसले, तर त्यांच्या दोरांजवळ जाऊ नये आणि वरून खडा, काटकी काहीही खाली ढकलू नये.

बुटाच्या तळव्याविषयी एक सूचना: गुळगुळीत झालेले जुने बूट आणि चपला दोन्ही टाळाव्यात. कोरड्या ग्रॅनाइटवर साध्या रबरी तळव्याची पकड उत्तम बसते. घसरण होते ती बहुधा खडकावर पसरलेल्या भरड्या वाळूमुळे. ग्रॅनाइट झिजून सुटलेले हे कण पायाखाली गोट्यांप्रमाणे फिरतात. नुसत्या खडकापेक्षा वाळू साचलेल्या उतारावर अधिक जपून चालावे.

10. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर जावे का?

पायवाटेवर चालायला हरकत नाही, शिळांवर चढू नये. ग्रॅनाइटवर जागोजागी दगडफूल आणि शेवाळ वाढलेले असते आणि ओले झाल्यावर ते अतिशय निसरडे होते. ऊन आणि वारा असेल तर खडक दुपारपर्यंत वाळतो, पण दक्षिणेकडील सावलीचा भाग ओलाच राहतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तळपतो, हे भारतातून नव्याने आलेल्यांच्या चटकन ध्यानात येत नाही.

11. हे धोंडे इतके गोल कसे झाले? मुले विचारतात, नदीने आणले का?

नदीने आणले नाहीत. ते जेथे आहेत तेथेच घडले. सुमारे 36.5 कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीखालच्या गाळाच्या खडकांत घुसला आणि पृष्ठभागापर्यंत न येता आतच अतिशय सावकाश थंड झाला. सावकाश थंड झाल्यामुळे त्यात मोठे स्फटिक तयार झाले. लहान भिंग जवळ असेल तर मुलांना ते दाखवावेत: काचेसारखी करडी गारगोटी, फिकट रंगाचा फेल्स्पार आणि चमकणारे काळे अभ्रक.

नंतर वरचा खडक कोट्यवधी वर्षांत झिजून गेला आणि ग्रॅनाइट उघडा पडला. त्याला आधीपासून उभ्या-आडव्या भेगा होत्या, त्यामुळे तो मोठमोठ्या ठोकळ्यांत विभागला गेला होता. भेगांतून पाणी मुरले आणि फेल्स्पारची हळूहळू माती होऊ लागली. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी पोहोचते, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट पृष्ठावर एकाच बाजूने; त्यामुळे कोपरे सर्वांत आधी झिजले आणि चौकोनी ठोकळे गोल होत गेले. काही शिळांवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटताना दिसतात, ती हीच क्रिया अजून चालू असल्याची खूण आहे.

महाराष्ट्रातील मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. यू यांग्जभोवतीचे माळरान ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून बनलेले आहे, म्हणजे तेथला खडक सह्याद्रीसारखाच बेसाल्ट आहे. बेसाल्ट पृष्ठभागावर लवकर थंड होतो, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तो काळा व बारीक पोताचा असतो. येताना वाटेतल्या शेतांच्या बांधावर रचलेले काळे दगड पाहावेत आणि मग बिग रॉकवर हात फिरवावा. दोन्ही खडक जमिनीखालच्या तप्त रसापासूनच बनले आहेत, फरक आहे तो थंड होण्याला लागलेल्या वेळाचा.

12. खडकावर पाण्याने भरलेले खोलगट खड्डे आहेत. ते नैसर्गिक आहेत की कोणी खोदले?

काही पूर्णपणे नैसर्गिक आहेत. काही मात्र वाडावुरुंग लोकांनी मूळचे खळगे वाढवून, खोल करून पाणी साठवण्यासाठी तयार केलेले आहेत. या टेकड्यांवर बारमाही वाहणारे पाणी जवळजवळ नाही आणि प्रदेश कोरडा आहे. अशा ठिकाणी पावसाचे पाणी धरून ठेवणारा खडक म्हणजे जगण्याचा आधार. कातळात टाके खोदून पाणी साठवण्याची पद्धत आपल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांत आहेच, त्यामुळे मराठी मुलांना या गोष्टीचे मोल वेगळे समजवावे लागत नाही.

या खळग्यांत खडे टाकू नयेत, हातपाय धुऊ नयेत, काठी घालून गाळ ढवळू नये आणि पाणी पिऊ नये. त्यांत बेडकांची पिल्ले आणि अनेक सूक्ष्म जीव असतात, पक्षी तेथे पाणी पितात. शिवाय अशा स्थळांना व्हिक्टोरियाच्या 2006 च्या आदिवासी वारसा कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे किल्ल्यांवरील टाक्यांमध्ये बाटल्या आणि पिशव्या तरंगताना पाहून ज्यांना वाईट वाटले आहे, त्यांनी येथे आपल्या मुलांना या पाण्याच्या काठी दोन मिनिटे बसवून ते का राखायचे, हे जरूर सांगावे.

13. फ्लिंडर्स पीकच्या वाटेवरून खाली दगडांचा मोठा पक्षी दिसतो, तो काय आहे?

तो बंजिल. वाडावुरुंग लोक ज्यांत मोडतात, त्या कुलिन लोकसमूहांच्या श्रद्धेनुसार बंजिल हा सृष्टीचा निर्माता असून तो गरुडाच्या रूपात दाखवला जातो. शिल्पकार अँड्र्यू रॉजर्स यांनी 2006 मध्ये, मेलबर्नच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वर्षी, जमिनीवर दगड मांडून हे शिल्प साकारले. त्याच्या पंखांचा विस्तार 100 मीटर असून सुमारे 1500 टन दगड त्यासाठी लागला. जवळून पाहिले तर फक्त दगडांच्या ओळी दिसतात, आकार उंचावरूनच कळतो. मुलांना तो स्वतः शोधू द्यावा.

14. शिखराचे नाव फ्लिंडर्स का?

मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी 1 मे 1802 रोजी आपल्या तीन माणसांसह या शिखरावर चढला आणि आपल्या जहाजाचे नाव लिहिलेला कागद त्याने दगडांच्या छोट्या राशीत ठेवला. त्याने शिखराला स्टेशन पीक म्हटले होते. 1912 मध्ये ते बदलून त्याचेच नाव देण्यात आले. शिखर त्याच्या कितीतरी आधीपासून वाडावुरुंग लोकांना परिचित होते, हे मुलांना सांगताना विसरू नये.

15. कोआला नक्की दिसतात का?

नक्की कोणीही सांगू शकत नाही, पण शक्यता चांगली असते. कोआला दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला असतो, म्हणून हालचाल शोधण्यापेक्षा निलगिरीच्या झाडांच्या दुबेळक्यांत करडा गोळा शोधावा. खाली बुंध्याच्या सालीवर नखांचे ओरखडे आणि जमिनीवर लांबट लेंड्या असतील, तर वर पाहावे. येथील कोआलांचा अनेक वर्षे अभ्यास झालेला असून नाकावरील फिकट डागांच्या नक्षीवरून प्रत्येक प्राणी ओळखता येतो, हे त्यातूनच पुढे आले. दुर्बीण असेल तर मुलांना ती नक्षी पाहायला सांगावी.

कोआला दिसल्यावर झाड हलवू नये, त्याखाली ओरडू नये आणि छायाचित्रासाठी फ्लॅश वापरू नये. जखमी किंवा भरदुपारी जमिनीवर निपचित बसलेला प्राणी आढळला, तर त्याला हात न लावता वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या संस्थेला कळवावे.

कोआलांच्या अधिवासाला येथे बोनसीड या झुडपाचाही त्रास आहे. दक्षिण आफ्रिकेतून बागेसाठी आणलेले हे पिवळ्या फुलांचे झुडूप टेकड्यांवर फोफावले असून स्वयंसेवक ते उपटून काढण्याचे काम वर्षानुवर्षे करत आहेत. मुलांना ही फुले आवडतात, पण तोडून घरी नेऊ नयेत. बी पसरण्याची भीती असते.

16. सापांची भीती वाटते. चावला तर काय करायचे?

उबदार महिन्यांत साप असतात, त्यांत ईस्टर्न ब्राउन आणि टायगर स्नेक हे अत्यंत विषारीही आहेत. वाटेच्या मधून चालावे, उंच गवतात आणि शिळांखालच्या फटींत हात-पाय घालू नयेत, पुढे मोठ्या माणसाने चालावे. साप दिसला तर थांबावे, मागे सरावे आणि त्याला जाऊ द्यावे.

चावल्याची नुसती शंका असली, तरी तो आणीबाणीचा प्रसंग मानून 000 या क्रमांकावर फोन करावा. व्यक्तीला आहे तेथेच निजवून हलू देऊ नये. चाव्याच्या जागेवर आणि नंतर संपूर्ण हाता-पायावर रुंद, ताणता येणारी पट्टी घट्ट गुंडाळावी, त्याला काठीचा आधार बांधावा आणि मदत येईपर्यंत पट्टी सोडू नये. जखम धुऊ नये, कापू नये, चोखू नये. गावाकडे दोरीने करकचून आवळण्याची जी पद्धत पाहिलेली असते, ती येथे अजिबात वापरू नये. पट्टीने दाब द्यायचा असतो, रक्तप्रवाह तोडायचा नसतो. अशा दोन पट्ट्या प्रत्येक सहलीत पिशवीत असाव्यात.

17. डबा कोठे खावा? तेथे शेगडी, पाणी मिळते का?

सहलीच्या ठरवून दिलेल्या जागी बसून खावे. पाणी घरूनच न्यावे, मुलांना माणशी एक लिटर आणि मोठ्यांना दोन लिटर तरी हवे. दशम्या, ठेपले, गूळपोळी, तिखट-मिठाच्या पुऱ्या असे कोरडे पदार्थ सर्वांत सोयीचे, कारण कचरा होत नाही आणि गरम करावे लागत नाही. जो काही कचरा होईल, तो फळांच्या सालींसह परत आणावा. पक्ष्यांना आणि कांगारूंना खायला घालणे हे आपल्याकडे पुण्याचे मानले जाते, परंतु पोळी-भाताने येथील प्राण्यांचे आरोग्य बिघडते.

मोठ्या निलगिरीच्या थेट खाली सतरंजी अंथरू नये. या झाडांच्या जाड फांद्या वारा नसतानाही अचानक तुटतात. आगीविषयीचे निर्बंध प्रश्न 8 मध्ये आहेत.

18. मंडळाची पन्नास-साठ जणांची सहल न्यायची आहे. काही परवानगी लागते का?

संघटित कार्यक्रमासाठी पार्क्स व्हिक्टोरियाशी आधी संपर्क साधून परवानगीबाबत विचारणा करावी. ध्वनिवर्धक आणू नये, आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. चालताना दहा-बारा जणांचे गट करून प्रत्येकाच्या शेवटी एक प्रौढ ठेवावा. सगळ्यांनी एकाच वेळी फ्लिंडर्स पीकच्या पायऱ्यांवर जाण्याऐवजी निम्म्या लोकांनी आधी बिग रॉक पाहिल्यास इतरांनाही जागा राहते.

19. दगडफूल, छोटे दगड, पडलेली पिसे घरी आणता येतात का?

नाही. गोडा मसाला करणाऱ्या आजींना खडकावरचे दगडफूल पाहून मोह होतो, हे मी समजू शकतो. पण उद्यानातील वनस्पती, खडक आणि प्राण्यांचे अवशेष उचलणे नियमबाह्य आहे, शिवाय दगडफूल अतिशय सावकाश वाढते. दगडांवर दगड रचून मनोरे करणेही टाळावे, कारण त्या दगडांखाली सरडे आणि गोमा राहतात. मुलांना चित्र काढायला वही द्यावी, किंवा खडकावर कागद ठेवून खडूने घासून त्याचा पोत उतरवू द्यावा.

20. एक मूल चार वर्षांचे आणि एक अकराचे. दोघांना जमेल असे काही आहे का?

दोन प्रौढ असतील तर टर्नटेबलला जावे. एकाने मोठ्या मुलासह माथ्यापर्यंत जावे आणि दुसऱ्याने धाकट्यासह पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत जाऊन परतावे. सोबत एकच प्रौढ असेल, तर बिग रॉकच निवडावा आणि मोठ्या मुलाला कामे द्यावीत: नकाशा वाचणे, दर दहा मिनिटांनी पाणी पिण्याची आठवण करणे, भिंगाने स्फटिक दाखवणे. मोठ्याला एकट्याला पुढे पाठवू नये.

21. अर्ध्या वाटेत मूल चालेनासे झाले तर?

परत फिरावे. माथा दहा मिनिटांवर आहे, हे वाक्य मुलाला उद्देशून असले, तरी बहुधा पालकच ते स्वतःला सांगत असतात. आधी सावलीत बसून पाणी आणि काही खारट-गोड खाऊ द्यावा. पंधरा मिनिटांत तरतरी आली नाही, चेहरा लाल झाला असेल, डोके दुखत असेल किंवा मळमळत असेल, तर तो उष्णतेचा त्रास समजून त्याला थंड करत खाली आणावे.

22. मूल नजरेआड झाले किंवा मोबाइलला नेटवर्क नसेल तर?

शिळांच्या मधून मूल दोन पावलांत दिसेनासे होते, म्हणून प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी असावी आणि हरवल्यासारखे वाटले तर जागेवरच थांबून तीन वेळा वाजवायची, हे घरीच शिकवलेले असावे. भडक रंगाचे कपडे घालावेत. सायकलस्वारांसाठी राखीव वाटा वेगळ्या आहेत. शोधताना त्यांवर शिरावे लागले तर वेगाने येणाऱ्या सायकलींकडे लक्ष ठेवावे. काही उतारांवर नेटवर्क क्षीण असते, पण दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क उपलब्ध असेल तर 000 चा फोन त्यावरूनही लागतो. इमर्जन्सी प्लस हे ॲप आपले अक्षांश-रेखांश दाखवते, ते आधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे.

23. संध्याकाळी सूर्यास्त पाहून निघता येईल का?

बहुतेक दिवशी नाही, कारण उद्यानाचे प्रवेशद्वार ठरलेल्या वेळी बंद होते आणि आत मुक्काम करता येत नाही. बंद होण्याची वेळ प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर दिलेली असते; ती आत शिरतानाच पाहावी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे दार बंद होण्याच्या वेळीही लख्ख उजेड असतो आणि लोक बेसावध राहतात. बंद होण्याच्या एक तास आधी गाडीपाशी परतण्याचा हिशेब ठेवावा. परतीच्या कच्च्या रस्त्यावर सायंकाळी कांगारू अचानक आडवे येतात, तेव्हा गाडी सावकाश चालवावी.